दोऱ्याने मोजलेलं बेट

४ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, या भीतीने पत्ता मुद्दाम शिंपीणबाईंकडून लिहून घेतला. त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. आता फोडलंच आहेस तर वाच. अकरा वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस. पत्राचं बरं असतं, ते वाजत नाही.

विचारायचंय ते आधीच विचारते. शाळेच्या अ‍ॅटलासमधलं सत्तेचाळिसावं पान आठवतं का? खाली उजव्या कोपऱ्यात, चिंचोक्याएवढं एक बेट होतं. बोर्डिंगमध्ये दुपारच्या सक्तीच्या झोपेच्या तासाला आपण दोघी माझ्या कॉटखाली अ‍ॅटलास घेऊन पालथ्या पडायचो. आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा तू मोज्यात लपवून आणला होतास. बाबांनी शिकवलं होतं तसं तो वळणावळणाने वाटेवर ठेवायचा, मग सरळ करून पट्टीला लावायचा, की झालं अंतर. आपण त्या बेटाचा किनारा किती वेळा मोजला असेल! मोठं झालो की तिथे जायचं ठरलं होतं. तू डोंगर मागून घेतलास, मी किनारा. आणि तिथली माणसं रोज काय जेवत असतील, याच्या अंदाजांनी आपण एक वही भरली होती.

परवा चष्म्याच्या दुकानातून येताना प्रवास कंपनीच्या काचेत त्याच बेटाचं चित्र दिसलं. आकारावरून ओळखलं मी. आत जाऊन काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "हे बेट खरंच आहे?"

त्या म्हणाल्या, "म्हणजे काय, ताई! विमान जातं की जवळपर्यंत. पुढे बोट."

"तिथल्या समुद्राचं पाणी पायाला गार लागतं की कोमट?"

त्यांनी संगणकात पाहिलं. हवामान सापडलं, हॉटेलं सापडली, पाण्याचं काही सापडलं नाही. "एवढं कुणी विचारलं नाही हो आजवर," म्हणाल्या. मला हसूच आलं. नकाशा कचेरीत एकतीस वर्षं मी निळ्या शाईने समुद्राच्या कडा काढल्या. पण पाय एकदाही भिजवले नाहीत, हे तुला ठाऊकच आहे.

तर सोळा फेब्रुवारीला बेटावर पोहोचायचं, असं ठरवलंय. दहा दिवस. विमानात खिडकी तुझी. खोलीत दाराजवळचा पलंग तुझा, कारण तू पहाटे उठून हुंदडणार. तिसऱ्या दिवशी डोंगर. मी मोठा नकाशा मिळवून वाट दोऱ्याने मोजली, चार किलोमीटर भरली. सकाळी चहा घेऊन निघायचं, जेवायला परत. सगळ्याचा तक्ता आणि त्या नकाशाची प्रत सोबत जोडलीय. तू फक्त हो म्हण.

तुझी
ताई

ता. क. बोर्डिंगच्या मदर शनिवारची पत्रं वाचल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नसत, पण वाचायच्या सहीपर्यंतच. म्हणून खरं ते आपण सहीखाली लिहायचो. तेव्हा खरं हे, की तू आली नाहीस तर मी जाणार नाही. एकटीने जायची माझी छाती नाही.

२१ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने हातात दिलं आणि मी दारातच, चप्पल एका पायात, वाचलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि अक्षरांनी काय म्हणावं? "दोरा कागदावर झोपतो. डोंगर झोपत नाही. तपकिरी रेषा मोज." खाली नाव नाही, प्रिय नाही, काही नाही.

मी ते शिंपीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो की नाही, ते कुठे लिहिलंय यात?"

"'नाही' असंही लिहिलेलं नाही," मी म्हटलं, "एवढं कळतंय ना?"

"तुम्ही बाई कशावरही खूश होता."

पण भिंगरी, माझी मला लाज वाटली. या तपकिरी रेषा मी आयुष्यभर काढल्या. सारख्या उंचीच्या जागा जोडत जायच्या, आणि जिथे रेषा एकमेकींना खेटतात तिथे चढ अंगावर येतो, हे मी नव्या मुलींना शिकवलंय. आणि स्वतःच्या सहलीला मात्र शाळेतल्या पोरीसारखा दोरा लावून बसले! आमचे साहेब म्हणायचेच, "बाई, तुमच्या हाताला कंप नाही, पण पायाला डोंगर माहीत नाही." काल भिंग घेऊन बसले. शिखराच्या अलीकडे सव्वीस रेषा एका नखात मावतात. तिथे वाट सरळ जाणंच शक्य नाही, वळणं घेत असणार, आणि ती वळणं माझ्या नकाशात नाहीत. जेवायला परत येणं विसरायचं. तू मुलींना डोंगरांवर नेण्यात सगळी नोकरी घालवलीस. तुला एका नजरेत दिसलं ते मला भिंगातून दिसलं.

तिथे ज्यांच्या घरी खोली घेतेय त्या घरमालकीणबाईंना मी पत्र घातलंय. प्रश्नांची यादी दोन पानं झाली. वाटेत ओढे किती, सावली कुठवर, खेकडे चावतात का, जेवायला काय मिळतं, आणि अर्थात पाणी गार की कोमट. तुझे काही प्रश्न असतील तर कळव, मी पुढे पाठवते.

तुझे गुडघे कसे आहेत? मी तक्त्यात तुझ्यासाठी काठी लिहिली होती. खोडलीय. हवी तर तूच सांग.

तुझी
ताई

ता. क. कार्ड देवाजवळ ठेवलंय. हसू नकोस.

९ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "ओढा पायाने ओलांडायचा की पूल आहे? शिखरावरून दोन्ही किनारे दिसतात का? काठी माझी मी आणीन." शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आणणार कुठे, असं विचारत नाही. नुसतं वाचते.

घरमालकीणबाईंचं उत्तर आलंय. एकदम ठसकेबाज बाई. लिहितात, "ओढा तीनदा येतो. दोनदा दगडांवरून, एकदा पाण्यातून. पूल होता, तो ओढ्यानेच नेला. दोन्ही किनारे दिसतात, पण ढग नसतील तर, आणि ढगांना मी ओळखत नाही." जेवणाबद्दल पानभर लिहिलंय. सकाळी होड्या येतात, तेव्हा किनाऱ्यावर उभं राहून मासा आपण निवडायचा. तो मीठ-आंबट लावून पानात गुंडाळतात आणि तापल्या दगडांवर ठेवतात. फणसासारखं एक फळ अख्खंच्या अख्खं निखाऱ्यात टाकतात, साल काळी झाली की फोडून नारळाच्या दुधाबरोबर खातात. चव कशी, असं मी विचारलं होतं. त्यांनी लिहिलंय, "बटाट्याला स्वप्न पडल्यासारखी." आपल्या वहीत तू लिहिलं होतंस की तिथली माणसं भाजलेले ढग खात असतील. फार चुकलीस असं नाही!

पाणी गार की कोमट, या प्रश्नापुढे त्यांनी एवढंच लिहिलंय: "या आणि बघा."

इकडे शिंपीणबाई माझा पोहण्याचा पोशाख शिवतायत. मापं घेताना मला विचारतात, "बाह्या कुठवर ठेवू?"

म्हटलं, "कोपरापर्यंत."

"आणि खाली?"

"घोट्यापर्यंत."

त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. "अहो ताई, तुम्ही पोहायला चाललाय की मठात?"

काय करणार, मदरच्या हाताखाली वाढलेलं अंग आहे. शेवटी गुडघ्यापर्यंत तडजोड झाली. रंग गर्द निळा. कापड उरलंय. तुझ्यासाठीही शिवून घेऊ असं तोंडावर आलं होतं, पण बोलले नाही. तुला हवा असेल तर तू शिवशील.

आणखी एक. तक्ता मी फाडून टाकला. तिसऱ्या दिवशी डोंगर, चौथ्या दिवशी किनारा, हे सगळं माझंच होतं. तुला काही ठरवायला जागाच ठेवली नव्हती मी. नेहमीसारखीच.

तुझी
ताई

ता. क. हे लिहू की नको असं चार दिवस चाललंय. बाबा एकाएकी गेले असं मी तुला सांगितलं होतं. तसं नव्हतं.

२८ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

"म्हणजे काय?" एवढंच लिहिलं आहेस, आणि पेन इतकं दाबलंय की कार्डाच्या मागून हात फिरवला तरी अक्षरं लागतात.

हे मी सहीखाली लिहिणार नाही. वरच लिहिते. कुणी वाचायचं ते वाचो.

बाबांना झटका आला त्या सकाळी तू तीस मुली घेऊन डोंगरात होतीस. फोन लागत नव्हता. वन खात्याच्या चौकीवर निरोप दिला असता तर तो तुला संध्याकाळपर्यंत मिळाला असता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तू घरी असतीस. चौकीचा नंबर माझ्याकडे होता. तूच देऊन गेली होतीस, फ्रिजवर चिकटवलेला होता. मी म्हटलं, तीस पोरींना टाकून ही घाईघाईत कुठेतरी पाय घसरून पडेल. डॉक्टर म्हणत होते, बघू. म्हटलं, एक दिवस थांबू. म्हणजे मीच ठरवलं, सगळ्यांसाठी ठरवते तसं.

बाबा शुद्धीवर होते, भिंगरी. उजवी बाजू गेली होती, जीभ जड होती, पण कळत होतं सगळं. दुपारी त्यांनी विचारलं, "भिंगरी निघाली का?"

मी म्हटलं, "निघाली, बाबा."

मग थोड्या वेळाने, "कुठवर आली?"

काय सांगू? मी कपाटातून नकाशा काढला. माझ्याच कचेरीतला, त्या डोंगराचा. पलंगावर पसरला, दोरा घेतला आणि म्हटलं, "हे बघा, इथे त्यांचा तळ. आता ती डोंगराची ही सोंड उतरतेय." त्यांनी डावा हात दोऱ्यावर ठेवला. मला वाटलं, झोप लागेल. पण ते विचारत राहिले, आणि मी तुला आणत राहिले. सोंड उतरवली. ओढा ओलांडून दिला. तिठ्यावर तुला बस मिळवून दिली, बसायला जागासुद्धा. "जागा मिळाली का?" असं त्यांनीच विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू घाटात होतीस. ते म्हणाले, "घाटात तिला मळमळतं." मी म्हटलं, "आवळा दिलाय कुणीतरी." संध्याकाळी तू आपल्या नदीच्या पुलापाशी पोहोचलीस. दोऱ्याला अजून बोटभर अंतर होतं. ते म्हणाले, "आता आलीच." आणि थोड्या वेळाने दोऱ्यावरचा हात सैल पडला.

असे दोन दिवस. तुला मी सांगितलं, एकाएकी गेले, काही कळायच्या आत. तू चौथ्या दिवशी आलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तू मला का नाही बोलावलंस?" मी म्हटलं, वेळच नव्हता. तू विश्वास ठेवला नाहीस, पण पुरावाही नव्हता. मग तू बोलणंच थांबवलंस.

तीस मुलींची काळजी हे पहिल्या दुपारपर्यंतचं कारण होतं. त्यानंतरचं कारण वेगळं आहे. सात वर्षं त्यांचं औषधपाणी मी केलं, आणि तू सुट्टीत दारात आलीस की त्यांचा चेहरा उजळायचा. माझ्यासाठी तो कधी उजळला नाही. मी रोजचीच होते. त्या दोन दिवसांत तुला आणणारी मी होते. त्यांचा हात माझ्या हातापाशी होता. तू खरोखर आली असतीस तर तो हात तुझ्याकडे गेला असता. म्हणून फ्रिजवरचा नंबर मी फिरवला नाही.

आता तुला सगळं माहीत आहे. बेटाचं तुझं तू ठरव.

ताई

३० जानेवारी

प्रिय भिंगरी,

महिना झाला. कार्ड नाही. पोस्टमन आता मला पाहून लांबूनच मान हलवतो. परवा म्हणाला, "तुम्ही असं उभं राहता आणि मलाच अपराध्यासारखं होतं."

तिकीटवाल्या बाईंचा फोन आला होता. दुसऱ्या जागेचं नाव आजच कळवायला हवं होतं. मी म्हटलं, ती जागा सोडून द्या. त्या म्हणाल्या, "मग तुमचीही रद्द करू का?"

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, तू नाही तर मी नाही. आता त्याची लाज वाटते. तेही तुझ्यावर ओझं टाकणंच होतं. मी म्हटलं, "नको. मी जातेय."

मला खरंच बघायचंय ग. पानात भाजलेला मासा. बटाट्याचं स्वप्न. ज्या कडा मी इतकी वर्षं निळ्या रेघेने काढल्या, तिथे जमीन नेमकी संपते कशी? रेघ तर नसणार. मग काय असतं तिथे? अठ्ठावन्न वर्षांचा प्रश्न आहे, तो तुझ्याशिवायही माझाच आहे.

उत्तर मागत नाही. राग असेल तर तो राहू दे. तो तुझा हक्काचा आहे. फक्त घरमालकीणबाईंचा पत्ता या कागदाच्या मागे लिहून ठेवतेय, कुठे आहे ते कुणाला तरी माहीत असावं म्हणून.

तुझी
ताई

ता. क. पोशाख झाला. शिंपीणबाईंनी न विचारता बाह्या कापून टाकल्या. म्हणाल्या, "तुमचं तुम्हाला ठरवायला दिलं तर तुम्ही कोरड्याच परत याल."

१६ फेब्रुवारी, दुपार

प्रिय भिंगरी,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुझ्या उशीवर ठेवणार आहे.

बोटीतून उतरले तर घरमालकीणबाई धक्क्यावर हजर. माझी बॅग उचलत म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने दाराजवळचा पलंग घेतलाय. चालेल ना?"

मला वाटलं माझ्या कानात बोटीचा आवाज राहिलाय. "कुणी?"

"अहो, बहीण तुमची. परवाच आली. आज भल्या सकाळी काठी घेऊन डोंगरावर गेलीय. सांगून गेली, मला जेवायला थांबू नका आणि ताईला माझ्या मागे पाठवू नका."

भिंगरी, मी धक्क्यावरच बसले. त्या माझ्याकडे पाहत होत्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही. मला कुणी कळवलं नाही," मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला ते ऐकू आलं.

खोलीत टेबलावर तुझी चिठ्ठी होती. दाबून ठेवायला शंख. ती इथेच उतरवून घेते, कारण चिठ्ठी तू परत मागितलीस तर माझ्याकडे काही राहायला हवं.

"ताई, न कळवता आले. कसं वाटतं बघ. काल अर्धा डोंगर चढले, आज पूर्ण चढेन. माझ्या मागे येऊ नकोस, काळजी करू नकोस, कुणाला पाठवू नकोस. सोबत दोरा ठेवलाय. कालची वाट वळणं धरून अंदाजाने मापली, वरची तुझ्या रेषांवरून. तुझ्या दोऱ्याशी लावून बघ. भिंगरी. ता. क. राग गेलेला नाही. पण ते माझी वाट बघत होते, हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं मला वाटायचं, जाताना त्यांना माझी आठवणही झाली नसेल. पुलापर्यंत आणलंस, एवढं कळलं."

मी वाट मोजून तोडलेला माझा दोरा काढला. पर्समध्येच असतो. तुझ्याशेजारी ठेवला. तुझा चार बोटं लांब आहे.

मग मी खिडकीशी गेले. डोंगर दिसतो इथून. माझे पाय तुझ्या मागे निघायला शिवशिवत होते. पाण्याची बाटली नेली असेल का, ओढ्यात दगड निसरडे असतील का, उशीर झाला तर घरमालकीणबाईंच्या माणसाला पाठवावं का. सगळे जुने प्रश्न. मी त्यांना खोलीतच बसवलं आणि निळा पोशाख घातला. तो घालून मी कशी दिसते ते विचारू नकोस. आरशात पाहिलंच नाही.

मासा तुझ्या वाट्याचा झाकून ठेवायला सांगितलाय. गार झाला तरी चालतो म्हणे. मी किनाऱ्यावर आहे. शोधत ये असं म्हणत नाही. आहे एवढंच सांगते.

तुझी
ताई

ता. क. परत येऊन लिहितेय, म्हणून कागद ओला आहे. तिथे रेघ नाही ग. पाणी येतं, जातं, आणि जमीन प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी संपते. मी कमरेपर्यंत गेले. मागे वळून पाहिलं तर सोंडेवर एक ठिपका उतरत होता, थांबत, गुडघे सांभाळत. हाक मारावीशी वाटली. मारली नाही. तुझ्या चालीने ये. पाणी कोमट आहे.